सुधारलेला माणूस

सोलापुरात शिरल्यावर स्टँडच्या अलीकडच्या चौकात गाडी अडकली आणि पौर्णिमाला खिडकीतून तिचा नवरा दिसला. एका मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकातून तो बाहेर येत होता. अंगात तिनंच सकाळी इस्त्री करून दिलेला आकाशी शर्ट, हातात पाण्याची बाटली. फाटकाबाहेर थांबून तो सावकाश पाणी प्यायला, झाकण घट्ट लावलं, आणि गर्दीच्या कडेकडेनं चालायला लागला. घरातून तो धाराशिवच्या जिल्हा परिषदेत कामावर जातो म्हणून निघाला होता. ऑडिट सुरू आहे, दुपारी जेवायला यायचं जमणार नाही, असंही म्हणाला होता. या रस्त्यावरचे थांबे पौर्णिमाला पाठ होते. एसटीत वाहक म्हणून लागल्यापासून ती बहुतेक याच मार्गावर होती. तरी त्या क्षणी धाराशिव कुठं, सोलापूर कुठं, आणि आपण यातल्या कोणत्या गावात आहोत, हे तिला उमजेना. मागच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, "बाई, गाडी कवा हालायची?"  गाडी हलली, आकाशी शर्ट मागं राहिला, मग एका रसवंतीच्या आड गेला. तिनं हाक मारली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून नुसतं "अहो" म्हणाली असती तरी त्यानं वर बघितलं असतं. पण हाक मारली की माणूस सावध होतो, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. पंच्याहत्तरीच्या सवलतीसाठी वय वाढवून सांगणारे, पास संपलेला असताना झोपेचं सोंग घेणारे, मुलाचं वय दोन वर्षं कमी करून त्याला मांडीवर घेणाऱ्या आया. ती कधी त्यांच्या तोंडाकडं बघत नसे. हाताकडं बघायची. तोंड खोटं बोलायला शिकतं, हाताला ते जमत नाही. नवऱ्याचे, प्रेमानंदचे हात मात्र तिला दिसले होते. बाटलीचं झाकण लावताना ते अगदी शांत होते.

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला घरी आला. चप्पल कडेला लावली, हातपाय धुतले, बुद्धाच्या तसबिरीपुढं क्षणभर उभा राहिला, आणि जेवायला बसला. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडी. पूर्वी तो ताटात दुसरी भाकरी आल्याशिवाय पहिली मोडत नसे. पौर्णिमानं तवा उतरवत विचारलं, "ऑडिट कसं झालं?" तो म्हणाला, "चाललंय. अजून दोन-चार दिवस लागतील." घास तोडणारी बोटं तशीच चालत राहिली. तिला तेव्हा रागापेक्षा भीती वाटली. ज्या माणसाचं खोटं गेली सोळा-सतरा वर्षं ती दारात चप्पल वाजली की ओळखत होती, तो माणूस आता खोटं बोलायलाही शिस्तीनं शिकला होता.

कारण तिला माहीत असलेला प्रेमानंद हा अर्धवट माणूस होता. लग्नानंतर पहिल्यांदा घर लावायला घेतलं तेव्हा त्याच्या ट्रंकेत तिला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची कोरी पुस्तकं सापडली होती. परीक्षेला बसलाच नव्हता. घरामागं शेळ्यांसाठी शेड बांधायला घेतलं, त्याचे नुसते खांब उभे राहिले, आणि आता त्यांच्यावर कारल्याचा वेल होता. तबला शिकायला गेला, तबला आला, हात बसला नाही. तंबाखू किती वेळा सोडली याची मोजदाद दोघांनीही ठेवली नव्हती. दर वेळी सोडताना तो सगळ्यांना सांगून सोडायचा, आणि धरताना कुणाला न सांगता धरायचा. पौर्णिमा चिडायची, पण खोल कुठंतरी तिला या अर्धवटपणाचा आधार वाटायचा. ज्याला काहीच शेवटाला नेता येत नाही तो आपल्याला सोडूनही जाऊ शकणार नाही. सोडून जायचं म्हटलं तरी तेही एक काम आहे, ते पुरं करावं लागतं. आणि या उन्हाळ्याच्या तोंडाला हा माणूस एके दिवशी कुणालाही न सांगता बदलला. पहाटे गजर न लावता उठायला लागला. बूट घालून हातलाईच्या डोंगराकडं चालायला जायला लागला. तंबाखू सुटली. चहातली साखर सुटली, मग चहाच सुटला. शेजारच्या लग्नात सगळे मटणाच्या पंगतीला बसले असताना हा कोशिंबीर खात होता. पोट गेलं, गळ्याखालचा मांसाचा पदर गेला, चेहऱ्याची हाडं वर आली. शेजारची सोनाली गच्चीवर कपडे वाळत घालताना हसून म्हणाली, "वहिनी, भावजी कुणासाठी बारीक व्हायलेत?" पौर्णिमाही हसली. चिमटा दोरीला लावताना तो तिच्या हातून दोनदा निसटला.

सुधारलेला माणूस तिनं आधी एकदा पाहिला होता. ढोकीच्या साखर कारखान्यात तिचे वडील फिटर होते, आणि ती सातवीत असेपर्यंत ते रोज पिऊन येत. त्या वर्षी गाळपाचा हंगाम सुरू झाला तशी त्यांची दारू सुटली. रोज दाढी करायला लागले. पहाटे उठून अंगणात पाणी मारायचे. वर्षानुवर्षं गळणारा नळ त्यांनी दुरुस्त केला, दाराची कडी बदलली, छपरावरचे पत्रे नीट केले, आईला सायकलवर बसवून बँकेत नेलं आणि सही कुठं करायची, पैसे कसे काढायचे ते दाखवलं. आई वस्तीतल्या बायांना सांगत फिरायची, माझा धनी माणसात आला. पौर्णिमाला ते दिवस वासासकट आठवायचे. ओल्या अंगणाचा वास, मळीचा आंबूस वास, आणि त्यात वडिलांच्या दाढीच्या साबणाचा नवा वास. हंगाम संपला, कारखान्याचा भोंगा बंद झाला, आणि ते वाशीला कामाला म्हणून गेले ते परत आले नाहीत. वाशीत त्यांचं दुसरं घर होतं. ते कधीपासून होतं हे नंतर कळलं, पण पौर्णिमाच्या मनात राहिलं ते वेगळंच. ते भांडून गेले नाहीत, पिऊन गेले नाहीत. आमच्यासाठी सगळं नीट लावून गेले. आई मरेपर्यंत त्या नळाला हात लावताना तोंड फिरवायची.

म्हणून मग पौर्णिमा पाळत ठेवायला लागली. तो अंघोळीला गेला की त्याचा फोन बघायची. फोनला कुलूपही नव्हतं, आणि आत काही नव्हतं. लातूरला शिकायला असलेल्या श्रावस्तीचे, त्यांच्या मुलीचे, निरोप, ऑफिसचे निरोप, सास्तूरच्या थोरल्या भावाला केलेले फोन. खिसे बघितले. पाकीट बघितलं. काही सापडलं नाही की तिला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट व्हायचं. इतकं स्वच्छ कुणाचं असतं? दुपारच्या फेरीला गाडी रिकामी असली की ती मागच्या बाकावर बसून सोलापूरच्या त्या फाटकाचा विचार करायची. हॉस्पिटल म्हणजे आजार. आजार असेल तर हा लपवतोय, आणि पाठीमागं सगळं नीट लावून ठेवतोय. की तिथं कुणी काम करणारी आहे? नर्स असेल. तिच्यासाठी पोट कमी करतोय. दोन्ही विचार ती आलटून पालटून तपासायची, आणि कोणत्या विचारानं कमी दुखतं हे तिला ठरवता यायचं नाही. घरी झोपताना त्याच्याकडं पाठ करायची, तर त्याच्या अंगाचा वासही राहिला नव्हता. तंबाखू, चुना आणि घाम यांचा मिळून जो वास लग्नापासून उशीला होता तो गेला होता. नुसत्या साबणाचा वास यायचा. परक्या घरी पाहुणी म्हणून झोपल्यासारखं तिला व्हायचं.

तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी तो बाहेर पडल्यावर ती त्याच्या मागं निघाली. उजाडत होतं. पदर डोक्यावरून ओढून ती लांबून चालत राहिली. रस्त्यावर चालणारी माणसं पुष्कळ होती. पोलीस भरतीची पोरं-पोरी धापा टाकत तिला ओलांडून जात होती. प्रेमानंद कुणाशी बोलला नाही, कुणाकडं बघितलं नाही. समोरून एक बाई हसत आली तेव्हा पौर्णिमा थबकली, पण ती बाई दुसऱ्याच कुणाला हात करत होती. डोंगराच्या चढाला लागल्यावर तो थांबला. गुडघ्यावर हात टेकून वाकला. त्याची पाठ जोरात वरखाली होत होती. मग सरळ होऊन त्यानं पँटच्या आतल्या चोरखिशातून तंबाखूची पुडी काढली. पौर्णिमाला हायसं वाटलं. म्हणजे हे होतं तर, चोरून खातोय, तोच आहे अजून. पण त्यानं पुडी उघडली नाही. नाकाजवळ धरली, डोळे मिटून वास घेतला, पुन्हा खिशात ठेवली आणि चढ चढायला लागला. कुणी बघत नसताना तो स्वतःला फसवत नव्हता. हे पाहिल्यावर मात्र तिला राहवेना. ती भराभर वर गेली आणि मागून म्हणाली, "सोलापूरला कशाला गेला होतात?"

तो दचकला नाही. वळून बघत राहिला, जणू हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं, फक्त इथं येईल असं वाटलं नव्हतं. "तू कवा बघितलंस?" म्हणाला. "गाडीतून. हॉस्पिटलच्या फाटकात. आजारी हाय का तुम्ही?" "न्हाय." "मग कोण हाय तिथं?" त्याला क्षणभर तिचा रोख कळला नाही. कळला तेव्हा तो हसला नाही, हे तिला बरं वाटलं. रस्त्याकडेच्या दगडावर बसून तो म्हणाला, "दादाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. तुला म्हाइतच हाय, डायलिसिस चालू हाय. सरुवहिनीला साखर हाय, तिची चालत न्हाय. माझी चालंल म्हणाले. पण तवा वजन लई होतं, बीपी होतं, तंबाखू होती. डॉक्टर म्हणाले, ह्या अंगानं तुमची घेता येणार न्हाय. आधी अंग तयार करून या. म्हणून करायलोय."

पौर्णिमा उभीच राहिली. खाली तलावाचं पाणी राखाडी दिसत होतं. इतके दिवस तिनं मनात ज्या बाईशी भांडण मांडलं होतं ती बाई एकाएकी नाहीशी झाली, आणि तिच्या जागी सास्तूरचा थोरला दीर, आबाराव, येऊन बसला. "मला का न्हाय सांगितलं?" "तू नको म्हणाली असतीस. आणि मी थांबलो असतो. मला थांबायला तेवढंच निमित्त पुरतं." हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की तिला रागवायचं कुठून सुरू करावं कळेना. ती म्हणाली, "भूकंपाचं फेडताय का?" सासरचं घर त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं होतं, सासू-सासरे गेले होते, लहानगा प्रेमानंद ढिगाऱ्यातून निघाला होता. त्याला थोरल्या भावानंच काढलं असणार असं तिनं मनाशी धरलं होतं. घरात त्यावर कुणी कधी बोलत नसे. "दादा तवा लातूरला हॉटेलात कामाला होता," प्रेमानंद म्हणाला. "मला शेजारच्या चन्नम्मानं काढलं. दादा आला तवा माझ्या हातात बिस्किटाचा पुडा होता. त्यानं काय माझ्यावर उपकार केल्याले न्हाईत. भावानं करायचं तेवढं केलं." "मग कशाला?" तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. मग खाली बघत म्हणाला, "एकदा काहीतरी शेवटापर्यंत न्यायचंय मला. एकच. आधी दादासाठीच होतं. आता नुसतं दादासाठी हाय का, मलाच सांगता येत न्हाय. उठलो की चालावं वाटतं."

त्या दिवसानंतरही तिचा संशय गेला नाही, फक्त त्यानं कूस बदलली. बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. भावासाठी जीव देणारा नवरा असता तर त्याच्या पाया पडता आलं असतं. हा यातला कुणीच नव्हता. याला काहीतरी पुरं करायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं स्वतःच्या पोटातला एक तुकडा निवडला होता. आबाराव हे निमित्त तर नव्हे? उद्या टेबलावर काही बरंवाईट झालं तर याचं काम पुरं होईल, आणि तिचं, श्रावस्तीचं अर्धं राहील. तिकिटं फाडावीत तसे हे प्रश्न ती मनात एकेक फाडत राहिली. शेवटी तिनं रजा टाकली आणि नवऱ्याला न सांगता सास्तूरला गेली.

आबाराव अंगणात खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. चेहरा सुजलेला, कातडी मातकट. सरुबाईनं पौर्णिमाला तांब्याभर पाणी दिलं आणि नवऱ्याच्या हातात औषधाच्या टोपणाएवढी वाटी दिली. त्यातलं पाणी तो ओठ भिजवत प्यायला. "दिवसाचं पाणी ठरल्यालं हाय," तो म्हणाला. "प्रेमानंद चालून चालून घाम गाळायलाय, आन् मला घामबी येत न्हाय." मग त्यानं डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर, डायलिसिसच्या सुयांसाठी जोडून घेतलेली शीर दोरखंडासारखी फुगलेली होती. "हात लावून बघा, आत मशीन हाय." तिनं बोटं टेकवली. कातडीखाली काहीतरी सतत थरथरत होतं, पत्र्यावर बोट ठेवून इंजिन चालू असलेलं कळावं तसं. तिनं बोटं काढली तरी थरथर बोटांत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही मागितली का त्यांना?" "न्हाय मागितली. म्या नकोच म्हणलं होतं." "मग आता?" आबारावनं सरुबाई आत गेल्याची खात्री करून घेतली. "आता म्या व्हय म्हणतो. पण घेणार न्हाय. समदं ठरलं, दिस ठरला, की म्या माघार घेणार. तुमी त्याला सांगू नगा." "मग व्हय कशाला म्हणता?" "त्याचं अंग बघितलंसा न्हवं तुमी? तंबाखू सुटली, बीपी उतरलं. आमच्या बापाचं ह्याच वयात हृदय बंद पडायला आलतं. जन्मात पैल्यांदा त्यानं एक गोष्ट धरून ठेवलीया. म्या आज न्हाय म्हणलो की उद्या तो पुडी उघडंल. तेवढे चार-सहा महिने त्याचे वाढवतो म्या. माझं काय, आठवड्यातनं दोन-तीनदा उमरग्याला जातो, मशीन चालवतंय."

पौर्णिमाला पहिल्यांदा जे वाटलं ते तिला नंतर स्वतःशीही नीट सांगता आलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. नवरा शाबूत राहणार, वर सुधारलेलाही राहणार. मग लगेच संशय आला. गाडीत जे "राहू द्या, राहू द्या" म्हणतात तेच शेवटी हक्कानं मागतात. हा माणूस नको म्हणून तिच्याकडून हो काढून घेतोय का? तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. उजवा हात डाव्या हातावरच्या फुगलेल्या शिरेवर ठेवलेला होता, झोपलेल्या लेकरावर ठेवावा तसा. त्यातून काही कळेना. निघताना सरुबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाव नव्यानं बसवलेलं, सरळ रुंद रस्ते, घरामागं घर. सरुबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "काय म्हणलं ते मला म्हाईत हाय. सारखं तेच म्हणत्यात. तुमी त्यांचं ऐकू नगा. माझंबी ऐकू नगा. म्या बायको हाय, मला ते पायजेत. म्या काय खरं बोलणार?"

परतीच्या गाडीत ती प्रवासी म्हणून खिडकीशी बसली. समोरची वाहक मुलगी नवी होती, सगळ्यांवर विश्वास ठेवत होती. पौर्णिमाला तिची कीव आली, आणि थोडा हेवाही वाटला. घरी आल्यावर तिनं काही सांगितलं नाही. दिवस गेले. प्रेमानंद पहाटे उठत होता, वजन उतरत होतं. ती आता आधी उठून त्याच्यासाठी लिंबूपाणी करायची, आणि तो दाराबाहेर पडला की तिला वाटायचं, आपण एका माणसाला ज्या गावाला गाडीच जात नाही तिथलं तिकीट दिलंय. आबारावचं ऐकून ती गप्प होती, की स्वतःच्या सोयीसाठी? नवरा खोटं बोलला तेव्हा त्याचे हात शांत होते. आता आपले हात कसे आहेत हे बघायचं धाडस तिला होईना. एका संध्याकाळी तो सोलापूरहून परतला, आणि दारातच म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, अंग तयार झालं. तारीख काढू." त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाला गणित सुटल्यावर दिसतो तसला आनंद होता. त्या चेहऱ्यापुढं तिला खोटं पेलवलं नाही. तिनं त्याला बसवलं आणि सास्तूरचं सगळं सांगितलं.

त्या रात्री तो जेवला नाही. तिला वाटलं, आता चोरखिशातली पुडी उघडेल. सकाळी तो चालायला गेला नाही. अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडून राहिला, आणि ती स्वयंपाकघरात भांडं न वाजवता कान देऊन उभी राहिली. तिला उमगलं की तो उठावा असं तिला वाटतंय. महिनोन्‌महिने ज्या उठण्याचा तिनं दुस्वास केला ते आज व्हावं म्हणून ती श्वास रोखून थांबली आहे. ऊन अंगणात आलं तेव्हा तो उठला, मोटरसायकल काढली आणि गेला. कुठं ते सांगितलं नाही.

दुपार कलल्यावर परत आला. कपडे धुळीनं माखलेले. तांब्यानं पाणी पिऊन म्हणाला, "दादाला म्हणलं, घ्यायची नसली तर नको घेऊ. पण तू मला सुधरायसाठी थापा मारू नको. मी तुझ्या थापेवर चाललो न्हाय. तू न्हाय म्हणालास तरी उद्या मी डोंगरावर जाणार. देणाऱ्यानं तयार व्हायचं असतं, ते मी झालो. घ्यायचं तुझं तू बघ." "मग?" "खुर्चीतनं उठला, पुन्हा बसला. मग म्हणला, मला मरायचं भ्या वाटतंय रे. पैल्यांदा म्हणला असं. वहिनी रडायला लागली. मग व्हय म्हणला." तो थांबला. तिच्याकडं बघून म्हणाला, "आता तुला विचारतो. आधी विचारायला पायजे होतं. तू नको म्हणलीस तर थांबतो. निमित्त म्हणून न्हाय. खरंच थांबतो."

पौर्णिमानं त्याच्या हातांकडं बघितलं. ते थरथरत होते. कितीतरी महिन्यांनी ते तिला ओळखीचे वाटले. "मी तुमच्याबरोबर डॉक्टरकडं येणार," ती म्हणाली. "मी विचारणार. तुम्ही मधी बोलायचं न्हाय." आणि तिनं विचारलं. राहिलेली एक किडनी बिघडली तर काय, रक्तस्राव झाला तर काय, कामावर कधी जाता येईल, म्हातारपणी काय, आबारावच्या अंगानं ती नाकारली तर काय. तरुण डॉक्टर आधी घाईत होता, मग पेन खाली ठेवून उत्तरं द्यायला लागला. एका प्रश्नावर तो म्हणाला, हे मला नक्की सांगता येणार नाही. त्या उत्तरावर तिचा पहिल्यांदा थोडा विश्वास बसला.

पुढं ऑपरेशन झालं. दोघे भाऊ त्यातून उठले. आबारावला सास्तूरच्या अंगणात पोटभर पाणी पिताना तिनं पाहिलं. पण या सगळ्यातलं पौर्णिमाच्या मनात घर करून राहिलं ते त्याच्या आधीचं, परवानगीच्या दिवशीचं. हॉस्पिटलमधल्या एका खोलीत टेबलापलीकडं अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीची माणसं बसली होती, बाजूला कॅमेरा चालू होता. प्रेमानंदला विचारून झालं आणि त्याला बाहेर बसवून तिला आत बोलावलं. मधे बसलेल्या, चष्मा लावलेल्या बाईंनी विचारलं, "तुमचे मिस्टर हे स्वखुशीनं करताहेत? कुणाचा दबाव, कुठलं आमिष? तुमची खात्री आहे?"

"त्यांच्या मनातलं मला कळत नाही," पौर्णिमा म्हणाली. समितीतल्या एकानं मान वर केली. "पण मी त्यांच्यावर पाळत ठेवली होती. उन्हाळ्यापासून. खिसे बघितले, फोन बघितला, मागं मागं गेले. त्यांना माहीत नव्हतं. दबावानं करणारा माणूस कुणी बघत नसलं की चुकतो. रोज माणसं बघायचं काम आहे माझं. हे चुकले नाहीत."

 बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तुमची संमती मनापासून आहे?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. तिच्यावर कुणी पाळत ठेवली नव्हती. सास्तूरला आबाराव नको म्हणाला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे कुणी बघितलं नव्हतं. तिनं टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडं बघितलं. तिकीट मशीन धरून धरून आंगठ्याला घट्टा पडला होता.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "ती मनापासून वाटते. संमतीबी मनापासून आहे. दोन्ही लिहा."

बाईंनी तिच्याकडं बघितलं, मान हलवली, आणि त्यातलं एकच लिहून घेतलं.